वरचं दूध

मंगळवार, ३

दवाखान्यातून घरी आलो. रविवारी जन्मलेल्या मुलीचं नवऱ्याने गाडीतच ‘बाईसाहेब’ असं बारसं उरकून टाकलं, कारण ती रडत नाही, हुकूम सोडते. खरं नाव ठरायचं आहे.

दार सासूबाईंनी उघडलं. माझ्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन नेमकं याच महिन्यात निघालं, म्हणून बाळंतपणाला त्या आल्या आहेत. एरवी त्या दुसऱ्या गावी राहतात, त्यामुळे आमचे संबंध फार चांगले आहेत.

मी विमा कंपनीत दाव्यांची पडताळणी करते. कुणाचं गोदाम जळतं, कुणाची गाडी चोरीला जाते, कुणाच्या दुकानात पाणी शिरतं. ते खरंच झालं का, हे बघायला मला पाठवतात. दिवसाच्या शेवटी टिपण लिहायची सवय हाडीमासी भिनली आहे, रजेवर असले तरी हात गप्प बसत नाही. म्हणून ही दैनंदिनी.

आजचं टिपण: दूध नाही. दाबलं की पिवळट, चिकट थेंब येतात, तेवढेच. दवाखान्यातली सिस्टर म्हणाली, सुरुवातीला एवढंच येतं आणि बाळाला एवढंच लागतं. ‘माल कमी होता साहेब, पण तेवढाच लागतो’ म्हणणारे दुकानदार मी पुष्कळ पाहिलेत.

गुरुवार, ५

दुखतं. बाईसाहेबांनी तोंड लावलं की माझ्या पायाची बोटं आखडतात. दोन्हीकडे चिरा पडल्यात. सकाळपासून छाती दगडासारखी झाली आहे आणि कुडत्याला पुढून ओल येते. एवढं गळतंय म्हणजे आत काही टिकतच नसणार.

सासूबाई छोट्या पातेल्यात पाणी तापवतात आणि फडकं पिळून शेकायला देतात. शेकल्यावर बरं वाटतं, हे त्यांना सांगितलं नाही.

आईचा फोन आला. माझी चौकशी दोन वाक्यांत आटपली आणि तिने विचारलं, “पुरतंय ना गं दूध? तुझ्या मावशीला मुळीच नव्हतं बाई. आपल्या घरात ते आहेच.” फोन ठेवल्यावर मी बराच वेळ मावशीचाच विचार करत बसले. मावशी तशी बऱ्याच बाबतींत खोटं बोलते, पण यात कशाला बोलेल?

शुक्रवार, ६

आरोग्य केंद्राची सिस्टर आली. खांद्याला पिशवी, पिशवीत काटा. दर शुक्रवारी येणार आहे. नवरा तिला पाठीमागे ‘वजनवाली’ म्हणतो. बाईसाहेबांना कपडे काढून काट्यावर निजवलं. वजन जन्माच्या वेळेपेक्षा कमी.

“सगळीच बाळं आधी थोडी उतरतात,” वजनवाली म्हणाली. सगळेच असं म्हणतात तेव्हा माझे कान टवकारतात.

मग तिने मला पाजायला बसवलं आणि दोन मिनिटं नुसती बघत राहिली. “तुम्ही छाती तिच्याकडे नेताय. तिला छातीकडे आणा. पोटाला पोट लावून. आणि आ मोठा होईपर्यंत थांबा, नुसतं टोक तोंडात देऊ नका, भोवतीचा गडद भागही जाऊ दे. म्हणून तर चिरा पडल्यात.” तिने बाळाची मान नाही, पाठ धरून अलगद पुढे ढकलली. पायाची बोटं आखडली नाहीत. एकदा जमणं हा पुरावा होत नाही.

ती गेल्यावर नवऱ्याचा चेहरा पांढराफटक. “औषधाच्या दुकानात जाऊन येतो,” म्हणाला. परत आला तेव्हा दारातच मायलेकांची कुजबुज झाली आणि आत आला तो हात हलवत.

“काय म्हणत होत्या आई?”

“काही नाही गं. चपला बाहेर काढ म्हणाली.”

चपला त्याच्या पायातच होत्या.

रविवार, ८

वजनवालीने दाखवलं तसं धरते. दुखणं निम्म्यावर आलं. मात्र पिताना बाईसाहेबांच्या घशातून ‘गट्, गट्’ असा आवाज येतो. सर्दी तर नाही? आणि दुपटी इतकी ओली होतात की वाळत घालायला दोरी पुरत नाही. कुणी पाणी तर पाजत नाही ना हिला?

मंगळवार, १०

नवी पद्धत सुरू झाली आहे. दुपारी माझं पाजून झालं की सासूबाई बाळाला त्यांच्या खोलीत नेतात आणि दार लावून घेतात.

मी काही विचारायच्या आधीच म्हणाल्या, “तू झोप. ती नुसती कुरकुरली तरी उठून बसतेस, म्हणून दार लावते.”

न विचारता दिलेलं कारण. आमच्या कामात याच्याखाली लाल रेघ मारतात. गोदामवाला चहा पुढे करत म्हणतो, मी त्या रात्री गावातच नव्हतो हं. अहो, पण मी कुठे विचारलं होतं?

झोपले नाही. दाराकडे बघत पडून राहिले. मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच.

शुक्रवार, १३

वजन जन्माच्या वजनावर परत आलं. वजनवाली खूश, नवरा खूश, सासूबाईंनी तिला दुसऱ्यांदा चहा केला.

मी मात्र हिशेबाला बसले. ऑफिसातल्या मैत्रिणीने तिचा दूध काढायचा पंप पाठवला होता, तो काल लावून पाहिला. बराच वेळ घरघर करून वाटीचा जेमतेम तळ झाकला. माझ्याकडचा साठा एवढा. तेवढ्यावर हे वजन वाढणं शक्य नाही. कागदावर माल कमी आणि गोदामात जास्त, याचा अर्थ एकच असतो: माल दुसरीकडून येतोय.

वजनवालीला पंपाचं सांगितलं, तर हसली. “पंपाने थोडाच पान्हा फुटतो? बाळ ओढतं तसं यंत्र ओढत नाही. त्यावरून काही मोजू नका.” तीही त्यांच्याच बाजूची आहे की काय कोण जाणे. दोनदा चहा प्यायली.

रविवार, १५

संशयाला जागा देणाऱ्या गोष्टी, जशा दिसल्या तशा:

सासूबाईंच्या खोलीतून आल्यावर बाईसाहेबांच्या ओठांच्या कोपऱ्याला पांढरं लागलेलं असतं. अंगड्याला आंबूस वास येतो. ‘ओकली थोडं,’ असं सासूबाई सांगतात, तेही न विचारता. बाळ हाताच्या मुठी सोडून, हात लोंबकळत टाकून झोपलेलं असतं, जेवणावळीतून आलेल्या माणसासारखं. माझ्याकडून जाताना पण ते तसंच असतं, हे खरं, पण ते माझं दूध ओढून दमल्यामुळेही असू शकतं.

आणि छोटं पातेलं सारखं गॅसवर. शेकायला एवढं पाणी कुठे लागतं?

नवऱ्याला म्हटलं, “तुझी आई बाळाला वरचं दूध देते, असं मला वाटतं.”

त्याने पेपर तोंडासमोर धरला. “छे. आई कशाला देईल?” पेपर कालचा होता.

बुधवार, १८

सापळा लावला. पातेल्याच्या काठाला बेसिनखालचं भांडी घासायचं पांढरं चूर्ण चोपडून ठेवलं. दुपारी सासूबाईंच्या बोटांना पांढरं! तेवढ्यात त्या पिळलेलं गरम फडकं घेऊन माझ्याकडेच आल्या.

“आज फार दगड झालीये का गं? शेकून घे. आणि हे बघ, त्या पातेल्याला काहीतरी लागलंय, हाताला चुरचुरतंय. तू नको लावूस हात, मी धुते.”

फडकं घेतलं. त्यांच्या बोटांना लाल चट्टे उठले होते. वाईट वाटलं, पण सापळ्यातून निष्कर्ष काही निघाला नाही.

गुरुवार, १९

आज संशयास्पद काहीच घडलं नाही. मला याचाच संशय येतो.

शुक्रवार, २०

वजन चांगलंच वाढलं. वजनवाली म्हणाली, “छान चाललंय हो तुमचं दूध.” माझं दूध! मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनी चटकन खिडकीकडे तोंड फिरवलं आणि चष्मा पुसायला लागल्या. चष्मा सकाळीच पुसला होता. नजर चुकवणारी माणसं मी कशी ओळखते, याचे ऑफिसात किस्से सांगतात.

इथे खरं लिहिते. मला रडू येतंय. या चिरा, हे आखडून बसणं, उठताबसता कपडे बदलणं, हे सगळं मी सोसते ते तिला माझ्यातून काही मिळतंय म्हणून. मिळत नसेल तर कशासाठी? माझं नाटक करायचं आणि पोट दुसऱ्याने भरायचं, असं असेल तर मला ते नको. पुरावा हाती आला की पाजणं बंद करणार. सरळ बाटली लावायची, पुढच्या महिन्यात कामावर रुजू व्हायचं. बाटलीत काही लाज नाही. फसवून घेण्यात आहे.

शनिवार, २१

पुरावा मिळाला.

सासूबाई आंघोळीला गेल्या होत्या. बाळाची टोपी शोधायला म्हणून त्यांच्या खोलीत गेले (टोपी माझ्या हातातच होती). पलंगाखाली त्यांची प्रवासाची बॅग, कपड्यांच्या तळाशी, स्वेटरमध्ये गुंडाळलेला पावडरच्या दुधाचा डबा.

डबा छातीशी धरून तिथेच जमिनीवर बसले. सासूबाई ओल्या केसांनी आत आल्या आणि मागोमाग बाळाला घेऊन नवरा.

“आई, हे काय आहे?”

त्या डब्याकडे बघतच राहिल्या. “ठेव ते जागेवर.”

“किती दिवस चाललंय हे?”

“काय चाललंय?”

“मला काय दूधखुळी समजता? रोज दार लावून काय करता ते मला कळत नाही? माझ्या मुलीला माझ्या पाठीमागे वरचं दूध पाजता आणि वर माझ्याच दुधाचं कौतुक ऐकत उभ्या राहता!”

“मी तिला काही दिलेलं नाही,” त्या हळू म्हणाल्या.

“मग हा डबा कुणाचा?”

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवरा खाली मान घालून बाळाच्या अंगड्याचे बंद सोडवत होता. ते बांधलेलेच नव्हते.

“माझा,” सासूबाई म्हणाल्या. “माझ्या बॅगेत आहे म्हणजे माझाच.”

झाली कबुली. मी म्हणाले, माझ्या घरात मला हे चालणार नाही. आणखीही पुष्कळ म्हणाले. ते इथे लिहीत नाही.

रविवार, २२

सासूबाई सकाळच्या गाडीने गेल्या. जाण्याआधी सगळी दुपटी घडी करून ठेवली. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “शेकायचं फडकं कपाटात डाव्या हाताला आहे.” बाळाच्या तळपायाला बोट लावलं आणि निघाल्या. नवरा बसस्टँडवर सोडायला गेला तो दुपारपर्यंत आला नाही.

मी जिंकले. मला बरं वाटायला हवं होतं.

सोमवार, २३

नवरा कामावर रुजू झाला. घरात मी आणि बाईसाहेब. आजपासून पाजणं बंद करायचं होतं, पण बाटली आणायला जाणार कोण? आणि सकाळी तिने आ केला, तो असा मोठा, वजनवालीने सांगितला तसा, की वेळ मारून न्यायला म्हणून पाजलं. मग पुन्हा. संध्याकाळी तर ती सोडायलाच तयार नाही. इकडून तिकडे, तिकडून इकडे. आता कळेल काय ते. चोरटी मदत बंद झाली, शुक्रवारी काटा सांगेल माझी लायकी.

डबा प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, गाठ मारून फळीवर ठेवला आहे. उघडायचा नाही. पुराव्याला हात लावायचा नसतो.

बुधवार, २५

दमले. जेवण उभ्याने, आंघोळ पळत. दुपारी ती झोपते तेव्हा मी दार उघडं ठेवून तिचा श्वास ऐकत बसते, झोप लागत नाही. शेकायला पाणी ठेवलं आणि विसरले, पातेलं करपलं.

फळीवरच्या डब्याकडे कितीदा तरी बघितलं. शुक्रवारी वजन उतरलं तर? तर तिची उपासमार मी केली, माझ्या हट्टापायी. मघाशी ती रडली नुसती, आणि एका बाजूला पाजत असताना दुसरीकडून धार लागून चादर भिजली. तेवढी वाया गेली म्हणून मला आणखी रडू आलं.

शुक्रवार, २७

वजनवाली आली. मी काट्याकडे पाठ करून उभी राहिले.

“अगोबाई!” ती म्हणाली. “काय खाल्लं हो बाईसाहेबांनी या आठवड्यात? मागच्यापेक्षाही जास्त वाढलंय.”

“पुन्हा करा,” मी म्हणाले. “काटा चुकला असेल.”

तिने पुन्हा केलं. तेवढंच.

“तिला माझंच दूध होतं फक्त,” मी म्हणाले.

“मग? आणखी कुणाचं असणार?” ती काटा पिशवीत घालत म्हणाली, जशी काही मी पावसाला ओलं का म्हणतात असं विचारलं होतं.

ती गेली. मी बाळाला मांडीवर घेऊन बसले आणि सवयीने संशयितांची नावं काढली. सासूबाई रविवारपासून गावी. नवरा दिवसभर बाहेर, आणि घरात असतो तेव्हा त्याला चमचा सापडत नाही. शेजारी कुणी येत नाही. घरात उरतं कोण? बाईसाहेब पीत होत्या. गट्, गट्. ती सर्दी नव्हती. ते मी होते. माझा पाजण्याचा दावा मी पहिल्याच दिवशी फेटाळला होता आणि त्यानंतर जे दिसलं ते सगळं त्या निकालाला जुळवून घेतलं होतं.

फळीवरून डबा काढला. पिशवीची गाठ सोडली, झाकण काढलं. खालचा चंदेरी कागद कडेपर्यंत ताणलेला, एक सुरकुती नाही. कुणी कधी नखही लावलेलं नाही. कुठल्याही गोदामात मी आधी सील बघते. नव्या मुलांना पहिल्या दिवशी हेच शिकवते. आणि स्वतःच्या घरात डबा छातीशी धरून आरडाओरडा केला, पण झाकण उघडून बघितलं नाही. बघायची गरजच वाटली नव्हती.

संध्याकाळी नवरा आला. ओट्यावर उघडा डबा बघून दारातच थांबला.

“मीच आणला होता,” म्हणाला. “पहिल्या शुक्रवारी. वजन उतरलं म्हटल्यावर मी घाबरलो. आईने दारातच हातातून काढून घेतला.”

“आणि तू तिला असं जाऊ दिलंस?”

“तीच म्हणाली, गप्प बस. ती आत्ताच बाळंत झालीये, तिला नवऱ्याचा तरी भरवसा असू दे.” त्याने पुढे येऊन डब्याचं झाकण लावलं. “चुकलंच माझं. बसस्टँडवर मी रडलो, तर मलाच ओरडली.”

“टाकून का नाही दिला मग?”

“खरंच लागला तर घरात असू दे म्हणाली. पण तुझ्या नजरेला पडता कामा नये. मी आठ-दहा दिवसांचा असताना आजीने असाच डबा आणून आईसमोर ठेवला होता म्हणे. बोलली काही नाही, नुसता ठेवला. त्या दिवसापासून आईला वाटायला लागलं, आपल्याला दूधच नाही. आणि मग खरंच राहिलं नाही.”

मला मागच्या शुक्रवारचा चष्मा आठवला. सकाळी पुसलेला चष्मा त्यांनी पुन्हा का पुसला, ते आत्ता कळलं.

गावी फोन लावला. काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं. पलीकडून ‘हॅलो’ही न म्हणता त्यांनी विचारलं, “वजन?”

“वाढलं, आई. मागच्यापेक्षा जास्त.”

मग नाक ओढल्याचा आवाज.

“आई, मी चुकले. फार वाईट बोलले तुम्हाला.”

“बोललीस खरी,” त्या म्हणाल्या. मी पुढचं ऐकायला तयार होते, पण पुढचं वेगळंच निघालं. “दुपारची झोपतेस का?”

“नाही.”

“का?”

“दार लावायला कुणी नाही,” मी म्हणाले, आणि मला रडू फुटलं.

“बरं, बरं. रडू नकोस, तिला पाजायचंय. उद्याची गाडी कधी आहे, त्याला बघायला सांग.”

शनिवार, २८

सासूबाई आल्या. करपलेलं पातेलं बघून माझ्याकडे बघितलं आणि ते घासायला घेतलं. बोटांवरचे चट्टे गेलेत. ते चूर्ण मीच लावलं होतं, हे मी सांगून टाकलं. “तरीच!” म्हणाल्या आणि इतक्या हसल्या की बाळ दचकलं.

दुपारी मी पाजलं. बाईसाहेब मुठी सोडून, हात लोंबकळत टाकून झोपल्या. सासूबाईंनी त्यांना उचललं, खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं.

मी एकदा उठून दाराला कान लावला. सवय आहे, लगेच जाणार नाही. आतून सासूबाई बेसूर काहीतरी गुणगुणत होत्या. परत येऊन आडवी झाले, आणि त्यांनी संध्याकाळी उठवलं तेव्हाच जाग आली.